एक स्वर खाली

२०१९ च्या उन्हाळ्यात एके सकाळी मुरांब्याच्या बरणीचे झाकण माझ्याने उघडेना. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या किंचित वर, बोथट सुई रुतावी तशी कळ आली आणि हात आपोआप सुटला. मी बरणी ओट्यावर ठेवली, झाकण ओले असल्याचे सांगितले आणि मोकळा झालो. पत्नीने ते दोन झटक्यांत उघडले आणि काही विचारले नाही. एकमेकांना काळजी नको म्हणून गप्प राहण्याची आमच्या घरात जुनी सवय आहे. त्या सवयीची किंमत आम्हा दोघांना पुढे मोजावी लागली, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे घर बार्शीचे. वडिलांची भुसाराची आडत होती आणि थोरल्या बंधूंनी ती पुढे चालवली. मी शिकलो, एम.कॉम. झालो आणि बँकेत लागलो. एम.कॉम.साठी पुण्यास असताना, १९७९ साली, खानावळीच्या पैशांतून बचत करून मी कलकत्त्याच्या बनावटीची एक गिटार विकत घेतली. त्या काळी आमच्या वयाच्या पुष्कळ मुलांना हे वेड होते. १९७३ च्या 'यादों की बारात' या चित्रपटाने ते गावोगाव नेले होते. त्यातील गिटार वाजवणारे भूपिंदर सिंग हे स्वतः उत्तम गायकही होते, हे मला बऱ्याच वर्षांनी समजले. सुट्टीत गिटार घेऊन मी दुकानात गेलो, तेव्हा वडिलांनी गादीवरूनच तिच्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "हा माल म्हणायचा की खर्च?" मला उत्तर सुचले नाही. त्यांनीही पुन्हा कधी विचारले नाही.

१९८४ साली लग्न झाले. पत्नीचा आवाज मोकळा आणि सुरेल. पेटीच्या भाषेत तिची पट्टी पांढरी सहा. गिटारवर ती पट्टी सोयीची असते, कारण तिला लागणारे तीन मुख्य स्वरमेळ मोकळ्या तारांच्या आधाराने वाजवता येतात. बदल्या होत गेल्या, गावे बदलली, भाड्याची घरे बदलली, परंतु सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की अर्धा-पाऊण तास तिचे गाणे आणि माझी साथ हा क्रम पस्तीस वर्षे चालला. भावगीते, जुनी चित्रपटगीते, सणावाराला स्तवने. आम्ही कोणत्याही कार्यक्रमात कधी गायलो-वाजवलो नाही. श्रोता एकच असे, आमचा मुलगा, आणि तोही गृहपाठ टाळण्यापुरता.

आता या अंगठ्याविषयी थोडे. माझ्या नोकरीची पहिली काही वर्षे रोखपालाच्या खिडकीमागे गेली. नोटा मोजण्याची यंत्रे तेव्हा शाखेत नव्हती. डाव्या हाताच्या बोटांत गड्डी अडकवायची, डाव्याच अंगठ्याने एकेक नोट पुढे सरकवायची आणि उजव्या हाताने ती ओढून घ्यायची. शंभर नोटांची गड्डी, दिवसाला अशा किती, याचा हिशोब मी कधी ठेवला नाही. शिवाय गड्ड्यांना जाड पिना मारलेल्या असत आणि त्या उचकटण्याचे कामही अंगठ्याचेच. २००१ साली रिझर्व्ह बँकेने नोटांना पिना मारणे बंद करण्यास सांगितले, तेव्हा आमच्या शाखेतील रोखपालांना झालेला आनंद मला आजही आठवतो. पुढे डॉक्टरांना मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो की हे दुखणे बँकेने दिले आहे. त्यांनी माझ्या बोटांची टोके पाहिली आणि विचारले, "आईच्या बोटांना गाठी होत्या का?" होत्या. उन्हाळाभर पापड लाटणाऱ्या माझ्या आईच्या बोटांच्या शेवटच्या पेरांवर हरभऱ्याएवढ्या टणक गाठी होत्या आणि आम्हा मुलांना त्या दाबून पाहण्याची गंमत वाटे. तिला ते दुखत असेल, हे माझ्या मनातही आले नाही. हा सांधेदुखीचा प्रकार पुष्कळ घराण्यांत आईकडून उतरतो आणि पन्नाशीनंतर स्त्रियांत अधिक दिसतो, असे डॉक्टरांनी सांगितले. बँकेच्या खात्यावर सगळे नावे टाकण्याचा माझा बेत फसला.

परंतु मी डॉक्टरांकडे गेलो ते फार उशिरा. बरणीच्या त्या प्रसंगानंतर आधी आडवे बोट लागणारे स्वरमेळ सुटले. गिटार वाजवणाऱ्यांना ते ठाऊक असतील. तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून धरावी लागते आणि दांडीच्या मागून अंगठा चिमट्यासारखा लावावा लागतो. मग गाण्याच्या मध्येच हात थांबू लागला. मी कधी कामाचे, कधी झोपेचे निमित्त सांगू लागलो. ऑगस्टमध्ये एके दिवशी गिटार गवसणीत घालून कपाटावर ठेवली. पत्नी म्हणाली, "ठेवलीत का?" मी म्हणालो, "आता कंटाळा आला." हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की त्याचा तिच्यावर काय परिणाम झाला असेल, याचा विचारही केला नाही.

त्यानंतर टाळेबंदीचे वर्ष आले. दोघेच घरात, बाहेर जाणे नाही, कोणी येणे नाही, आणि तरीही संध्याकाळ मुकी. एकदा तिने खुर्चीवर चढून गवसणीवरची धूळ पुसलेली मी पाहिली. गिटार मात्र तिने खाली काढली नाही.

मधल्या काळात मी गुपचूप उपाय केले. तांब्याचे कडे घातले. एका विक्रेत्याकडून 'हमखास' म्हणून घेतलेल्या तेलावर तीन हजारांहून अधिक रुपये घालवले. त्याने हाताला वास आला, आराम आला नाही. दोन महिने हाताला संपूर्ण विश्रांती दिली, हीदेखील चूकच ठरली. न वापरलेला सांधा आखडतो आणि त्याला सावरणारे स्नायू दुबळे होतात. दोन महिन्यांनंतर मला शर्टाचे गळ्याचे बटणही लावता येईना. तेव्हा मात्र पत्नीला सांगावे लागले आणि जानेवारी २०२१ मध्ये आम्ही सोलापूरला अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो.

अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा असतो. त्यामुळेच अंगठा सर्व दिशांना वळतो आणि चारही बोटांना भेटू शकतो. माझ्या क्ष-किरण चित्रात त्या खोगिराची गादी झिजलेली दिसत होती. डॉक्टरांनी समजावले की अंगठ्याच्या टोकाशी आपण जेवढा दाब देतो, त्याच्या कितीतरी पट भार मुळाशी पडतो. बरणीचे झाकण, किल्ली, ओले कापड पिळणे, कात्री आणि गिटारची दांडी ही सर्व त्या सांध्याच्या दृष्टीने एकच गोष्ट. सकाळचा ताठरपणा माझ्या बाबतीत दहा-पंधरा मिनिटांत जात असे. तो तासभर टिकत असता, मनगटे व बोटांची मुळे दोन्ही हातांवर सुजत असती, तर रक्ततपासणी करून संधिवाताचा वेगळा विचार करावा लागला असता. बोटांना मुंग्या येणे किंवा बोट वाकून अडकणे हीदेखील निराळी दुखणी आहेत आणि दुसरे तर मधुमेह असणाऱ्यांत अधिक आढळते. मी दीड वर्ष हे सगळे एकाच तेलाने बरे करू पाहत होतो.

वेदनाशामक गोळ्या त्यांनी मोजूनच दिल्या, कारण मला रक्तदाब आहे आणि अशा गोळ्या पोटाला व मूत्रपिंडालाही जड जातात. वरून लावायचे डायक्लोफेनॅकचे मलम, कोमट पाण्यात किंवा वितळलेल्या मेणात हात शेकणे, आणि घरकामाच्या वेळी अंगठ्याला आधार देणारा पट्टा. मी भीत भीत गिटारचे विचारले. "वाजवा की," ते म्हणाले, "पण आधी हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना भेटा."

त्या फिजिओथेरपिस्ट बाई वयाने माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी मला गिटार घेऊन यायला सांगितले आणि माझी वाजवण्याची पद्धत पाहून विचारले, "काका, एवढं जोरात कशाला दाबता? तार पळून चालली आहे का?" मग त्यांनी एक प्रयोग करून घेतला. बोट तारेवर नुसते टेकवायचे आणि दुसऱ्या हाताने तार छेडायची. आवाज बुजतो. मग दाब अगदी हळूहळू वाढवत जायचा. एका क्षणी स्वर स्वच्छ होतो. बस्, तेवढाच दाब पुरेसा. त्यापुढचा सगळा दाब वाया. मी चाळीस वर्षे त्याच्या दुप्पट-तिप्पट दाब देत होतो. दुसरा प्रयोग त्याहून नवलाचा. अंगठा दांडीवरून पूर्ण काढून घ्यायचा, गिटार उजव्या कोपराने अंगाशी धरायची आणि डाव्या हाताच्या वजनानेच बोटे तारांवर खेचायची. काही मोजके स्वरमेळ असे अंगठ्यावाचून वाजतात. अंगठा हा टेकू आहे, शिकंजा नव्हे, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळले.

त्यांनी एक नियमही दिला. वाजवून झाल्यावर नेहमीपेक्षा अधिक दुखू लागले आणि ते दोन तासांनंतरही थांबले नाही, तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी करायचा. हे मला मानवले. मी एक वही घातली. डाव्या बाजूस वाजवलेली मिनिटे, उजव्या बाजूस रात्रीचे आणि सकाळचे दुखणे, शून्य ते दहा. महिनाभराच्या नोंदींवरून दिसले की सलग पस्तीस मिनिटे मला महाग पडतात. बारा मिनिटे, मध्ये दहा मिनिटे विश्रांती, पुन्हा बारा मिनिटे, हे चालते. आधी हात कोमट पाण्यात घातला तर आणखी तीन-चार मिनिटे मिळतात. या वहीचे घरात हसे झाले, परंतु ज्याने आयुष्यभर टाळेबंद जुळवला त्याला दुसरे काय सुचणार?

हात सुधारला तरी वाद्य तसेच होते. जुन्या स्वस्त गिटारींत तारा पडद्यांपासून फार उंच असतात. माझ्या गिटारीत बाराव्या पडद्यापाशी हे अंतर चार मिलिमीटर भरले. ती घेऊन मी रेल्वेने मिरजेस गेलो. सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांचे ते गाव. तेथील एका कारागिराने गिटार उलटसुलट करून पाहिली, दांडीच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या खाचा कानशीने किंचित खोल केल्या, घोडीची पट्टी घासली आणि अंतर अडीच मिलिमीटरवर आणले. पहिल्या दोन पडद्यांवर तर लोण्यात बोट जावे तसे वाटू लागले. चाळीस वर्षांपूर्वी हे करून घेतले असते तर, असा विचार परतीच्या गाडीत पंढरपूरपर्यंत पुरला.

तारांचेही प्रयोग केले. मी वापरत असलेल्या पोलादी तारांच्या संचाचा एकूण ताण सत्तर किलोंहून अधिक होतो. सर्वांत पातळ संच लावला तर तो साठच्या आसपास येतो, परंतु माझ्या गिटारीवर त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा निघाला. एका परिचितांची नायलॉनच्या तारांची गिटार आठवडाभर आणली. तिचा ताण चाळीस किलोंच्या आसपास, बोटांना अगदी मऊ. पण तिची दांडी रुंद असते आणि त्या रुंदीला वळसा घालताना अंगठा पुन्हा नको तितका ताणला जाई. ज्यांचे दुखणे बोटांच्या टोकांशी आहे त्यांना ती उत्तम. मला ती सोसली नाही.

एवढे होऊनही एक गोष्ट जमत नव्हती. मी २०२१ च्या उन्हाळ्यापासून पुन्हा वाजवू लागलो, पण पत्नी गात नव्हती. "आज घसा बसलाय," "आज भाजी निवडायची आहे." मला वाटे, एवढ्या खंडामुळे तिची सवय मोडली असेल. मी एकटाच वाजवी आणि ती स्वयंपाकघरातून ऐके.

२०२२ च्या दिवाळीत बंधूंचा नातू आला. पुण्यात अभियांत्रिकी शिकतो आणि कानठळ्या बसवणारे इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. माझा पट्टा पाहून तो म्हणाला, "आजोबा, टोनी आयोमी माहीत आहे?" मला कसा असणार? मग त्याने सांगितले. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा हा मुलगा सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करत असताना त्याच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली, आणि तीही तार दाबणाऱ्या हाताची. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, पातळ तारा लावल्या आणि पुढे १९७१ च्या सुमारास तारा दीड स्वर खाली उतरवल्या, म्हणजे बोटांना श्रम कमी. त्याच्या कारखान्यातील मुकादमाने त्याला धीर यावा म्हणून जॅंगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली होती. हा जॅंगो त्याहून आधीचा. १९२८ साली पॅरिसजवळ राहत्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांनी तो असा वाजवू लागला की जॅझचे गिटारवादक आजही त्याचे नाव घेतात. नातवाचे संगीत माझ्या कानांना झेपत नाही, परंतु तारा उतरवण्याची गोष्ट मात्र डोक्यात बसली.

रात्री मी कागद घेऊन बसलो. तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. एक पूर्ण स्वर खाली आले की कंपनसंख्या सुमारे ११ टक्क्यांनी घटते आणि ताण सुमारे २१ टक्क्यांनी. म्हणजे माझ्याच जाड तारा, त्यांचा तोच भरीव आवाज, आणि ताण साठ किलोंच्या आत. नुसत्या खुंट्या पिळायच्या. एक पैसा खर्च न करता २१ टक्के वटाव कोणता व्यापारी सोडील? मी तेव्हाच सहाही तारा एक स्वर खाली घेतल्या. सैल झालेल्या तारा दोन पडद्यांवर थोड्या खडखडत होत्या आणि त्यासाठी पुढे घोडीची पट्टी पुन्हा किंचित उंच करावी लागली, हे खरे; पण बोटांना झालेला आराम त्या रात्रीच जाणवला. अर्थात माझ्या हाताची पांढरी सहा आता ऐकायला पांढरी पाच झाली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओसरीवर वाजवत बसलो होतो. एका जुन्या भावगीताच्या सुरुवातीचे स्वरमेळ होते. दोन आवर्तने झाली आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. आधी गुणगुण, मग शब्द. ती पदराला हात पुसत बाहेर आली, खांबाला टेकून उभी राहिली आणि अंतऱ्याचा वरचा षड्ज तिने सहज लावला. तीन वर्षांनंतर मी तो ऐकत होतो. गाणे संपल्यावर ती म्हणाली, "आज सूर बरा लावलात."

मी तारा उतरवल्याचे सांगितले. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "चार-पाच वर्षं झाली, मला तो वरचा सा लागत नव्हता. चिरका यायचा. तुमच्या बोटांना तीच पट्टी सवयीची, म्हणून बोलले नाही."

"अगं, मग सांगायचं तरी."

"काय सांगणार? तुम्ही गिटार वर ठेवलीत आणि म्हणालात कंटाळा आला. मला वाटलं, माझा आवाज ऐकवेना म्हणून ठेवलीत."

वयोमानाने स्त्रियांचा आवाज थोडा खाली उतरतो, ही साधी गोष्ट आहे. सोलापूरच्या दवाखान्यात ती माझ्याशेजारी बसली होती, माझ्या अंगठ्याचे चित्र तिनेही पाहिले होते, आणि तरीही आपल्या आवाजाविषयीचा तो समज तिने मनातून काढला नव्हता. कारण मी एकदाही म्हणालो नव्हतो की तुझ्या आवाजाचा यात काही संबंध नाही. मला ते म्हणण्याची गरजच वाटली नव्हती. त्या संध्याकाळी मी म्हणालो. नीट जमले नाही, कारण अशा गोष्टी बोलण्याचा सराव नाही.

त्यानंतरची तीन वर्षे ठीक गेली आहेत. आडव्या बोटाचे दोन स्वरमेळ मी जवळजवळ सोडले. त्यांच्या जागी वरच्या तीनच तारा वाजवतो. एकात तर्जनी केवळ तीन तारांवर टेकते, दुसऱ्यात तीन बोटे तीन पडद्यांवर बसतात, आणि स्वर सगळे मिळतात. तिच्या आवाजाखाली तेवढी साथ पुरते, किंबहुना शोभते. गिटार आता डाव्या मांडीवर, पायाखाली पाट घेऊन धरतो, म्हणजे मनगट सरळ राहते. थंडीत दुखते. पाहुण्यांच्या आग्रहास्तव जास्त वाजवले तर वहीत सहा-सात लिहावे लागते आणि मग दोन दिवस सुट्टी. झिजलेली गादी भरून येणार नाही, हे मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. पुढे अगदीच जमेनासे झाले तर गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडी तारांवरून फिरवण्याचा मार्ग आहे, त्यात तार दाबावीच लागत नाही. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी त्या पद्धतीने रागसंगीत वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त संतूर आणि बासरीबरोबर त्यांचीच गिटार आहे. तो माझा राखीव निधी. त्याला अद्याप हात लावलेला नाही.

आपल्या घरांत कापड फाडणारे, कात्री चालवणारे, तराजू उचलणारे आणि पापड लाटणारे हात पुष्कळ आहेत. कोणाला झाकण उघडेनासे झाले, तर झाकण ओले होते असे सांगू नये, एवढेच म्हणावेसे वाटते. घरी आल्यावर मी माझ्या वहिनींची बोटे पाहिली. तशाच गाठी. त्या म्हणाल्या, "हे काय, हे तर सगळ्यांनाच होतं." त्यांना घेऊन पुढल्या आठवड्यात सोलापूरला जायचे आहे.

बंधूंचा नातू परवा फोनवर म्हणत होता, "आजोबा, अजून अर्धा स्वर उतरवा, बोटं आणखी हलकी होतील." मी पत्नीला विचारले. ती म्हणाली, "नको, मला पांढरी पाचच बरी आहे." मुरांब्याची बरणी अजूनही तीच उघडते.